मदत हवी आहे: विहिरीचा पंप उचलेल असा घरगुती जनरेटर

घर कुडाळजवळच्या खेड्यात आहे. पावसाळ्यात तारांवर झाड पडलं की दोन-दोन दिवस वीज नसते. १५० एएच बॅटरीचा इन्व्हर्टर रात्र कशीबशी काढतो, पण खरी अडचण पाण्याची. विहिरीवर १ एचपीचा सिंगल फेज मोनोब्लॉक पंप आहे. चालू असताना तो साधारण १ किलोवॉट घेतो, सुरू होताना मात्र त्याच्या कितीतरी पट.

शेजाऱ्यांचा २ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर लावून पाहिला. दिवे, फ्रिज व्यवस्थित चालले. पंप लावला की इंजिन दबून बंद. पंपाचा कपॅसिटर बदलला, बाकी सगळा लोड काढला, तरी तेच. इन्व्हर्टर त्यावर चार्ज होत नव्हता, तो यूपीएस मोडवरून (यात व्होल्टेज थोडं वर-खाली झालं तरी इन्व्हर्टर बाहेरची वीज घेत नाही) नॉर्मल मोडवर टाकल्यावर झाला.

सोलर जमणार नाही, घरावर माडांची सावली आहे. जनरेटर घराबाहेर मोकळ्या शेडमध्येच ठेवणार (धुराचा धोका अजिबात नको) आणि चेंजओव्हर स्विच (घराची जोडणी लाइनवरून जनरेटरवर बदलणारा) वायरमनकडून बसवणार. बजेट ६० हजार.

या पंपाला ३ केव्हीए पुरेल की ५ च घ्यावा? आणि पावसाळा संपल्यावर पेट्रोल टाकी-कार्ब्युरेटरमधून पूर्ण काढून ठेवायचं, की महिन्यातून एकदा लोडवर चालवत राहायचं? कोकणातल्या दमट हवेत तुमचा जनरेटर कशाने टिकला?