समोरचा एकाच कैफियतीत दोन उलट गोष्टी सांगतो, कोर्टात चालतं का?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. पंचवटीत आमचा जुना वाडा आहे, एका खोलीत आजोबांच्या वेळेपासून भाडेकरू. खोली खाली करून मिळावी म्हणून दावा लावला तर त्यांच्या कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) लिहिलंय की खोली त्यांच्या वडिलांनी आजोबांकडून तोंडी विकत घेतली, आणि दोनच परिच्छेद खाली म्हणतात की १२ वर्षांच्या वर कब्जा आहे म्हणून ॲडव्हर्स पझेशनने (मालकाच्या विरोधातल्या दीर्घ कब्जाने) आम्ही मालक. अहो विकत घेतली तर कब्जाचं कशाला सांगता? आईला धास्ती बसलीय की दोन्हीतलं एक तरी लागू पडणारच.

सीबीएसवाले वकील:
आईंना सांगा घाबरू नका. ‘हे नाहीतर ते’ असा पर्यायी बचाव प्रतिवादीला घेता येतो, त्यामुळे नुसत्या विसंगतीवर कैफियत उडत नाही. पण ॲडव्हर्स पझेशन म्हणायचं तर मालक दुसराच आहे हे धरून चालावं लागतं आणि त्याच्या नाकावर टिच्चून उघडपणे राहिलो हे दाखवावं लागतं. कर्नाटक वक्फ बोर्डाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००४ साली हेच सांगितलं, स्वतःच्या मालकीचं म्हणणं सोडत नाही तोवर हा बचाव सुरूच होत नाही. आणि तोंडी खरेदी कसली, रजिस्टर खरेदीखत लागतं. भाडेपावत्या आहेत का?

लॉ सेकंड इयर:
आम्हाला प्रोटागोरस या ग्रीक गुरूची गोष्ट शिकवली ती हीच. शिष्य पहिली केस जिंकला की उरलेली फी देणार असा करार, शिष्य केसच घेईना म्हणून गुरूने दावा लावला. गुरू म्हणतो जिंकलो तर निकालाने फी, हरलो तर कराराने फी. शिष्य तेच उलटं करून म्हणतो, जिंकलो तर निकालाने फी नाही, हरलो तर कराराने नाही. मला वाटतं पेच यामुळेच पडतो की दोघंही सोयीप्रमाणे कधी निकाल धरतात कधी करार. एक काहीतरी धरा ना! रोमन लेखक जेलियस लिहितो की न्यायाधीशांनी निकाल न देता लांबची तारीख दिली.

गोदाकाठ:
पावत्या आहेत, स्थळप्रतींची (आमच्याकडे राहणाऱ्या प्रतींची) पुस्तकंच आहेत. २०१९ च्या प्रतीवर तर आत्ता जे भांडतायत त्यांचीच सही आहे.

सीबीएसवाले वकील:
मग फार चांगलं. भाडेकरू म्हणून आत आलेल्याला भाडेकरूपण चालू असताना मूळ मालकाची मालकी नाकारता येत नाही, जुन्या एव्हिडन्स ॲक्टचं कलम ११६, नव्या साक्ष्य अधिनियमात १२२. आणि २०१९ ला भाडं भरलंय तर कब्जा मालकाच्या परवानगीने झाला, विरोधात कुठून? झेरॉक्सवर राहू नका, मूळ पुस्तकं यादीसोबत दाखल करा आणि उलटतपासणीत ती सही त्यांना दाखवायला वकिलांना सांगा.