हेडफोनमधली भुतं : तुमचे अनुभव सांगा

मला भुताच्या गोष्टी ऐकायला आवडतात. वाचते कमी, बघते त्याहून कमी. पण रात्री जेवणं आटोपून भांडी घासायला लागले की कानात एखादी गूढकथा हवीच. गेली सहा वर्षं हे चालू आहे. आमचं घर माहीमला. तिथे रात्री बारालासुद्धा पुरता अंधार होत नाही. समोरच्या जिन्यातला दिवा थेट ओट्यावर पडतो, खाली टॅक्सीवाल्यांच्या गप्पा चालू असतात, कुणाचा तरी टीव्ही मोठा असतो.

परवा एका नाटिकेत रिकामा झोपाळा वाजत होता. कड्यांची कुरकुर, एका लयीत, बराच वेळ. घरातली माणसं आपापसात बोलताहेत, चहा ओतला जातोय. मध्येच ती कुरकुर जड झाली. संगीत नाही, किंकाळी नाही, कुणाच्या बोलण्यात खंड नाही. झोपाळ्यावर कुणीतरी येऊन बसलं होतं. मी नळ बंद केला आणि साबणाचे हात तसेच धरून उभी राहिले.

तुमच्या वाट्याला असं काही आलं असेल तर सविस्तर लिहा. कुठे ऐकता, कुणाबरोबर ऐकता, कशाची खरंच भीती वाटली. भाषा कुठलीही चालेल.

डोंबिवलीहून

माझं सगळं ऐकणं लोकलमध्ये. २०१९ची गोष्ट, फोर्टहून परतीची रात्रीची फास्ट. तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या, २०२२मध्ये नव्या मार्गिका झाल्यावर त्यांचा रस्ता बदलला. गोष्टीतला माणूस वाड्याच्या तळघराचं दार ढकलत होता. बिजागरी वाजली आणि गाडी बोगद्यात शिरली. भाग डाऊनलोड केलेला नव्हता, रेंज गेली, आवाज बंद. बोगदा सव्वा किलोमीटरहून थोडा जास्त, मिनिट-दीड मिनिटाचं काम. पण दारातून येणारा तो गार, ओला वारा आणि चाकांचा घुमणारा आवाज! माझ्या खांद्यावर मान टाकून एक अनोळखी काका झोपले होते, त्यांचा मला केवढा आधार वाटला. पलीकडे बाहेर पडल्यावर गोष्ट पुढे सरकली, तर दारामागे काहीच नव्हतं. माझं घाबरून आधीच झालं होतं.

दादरहून

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. लहानपणी वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडची बोलकी पुस्तकं कॅसेटवर घरी यायची, तेव्हापासून गूढकथांचा नाद. डोळस मित्र सांगतात, ऐकताना आम्ही दिवे मालवतो. मला अंधाराचं काही नाही. मला जागा आवाजावरून कळते. प्रत्येक खोलीला आपला घुमारा असतो. कपडे, गाद्या भरलेली खोली आवाज गिळून टाकते, रिकामी खोली तो परत देते. म्हणून स्टुडिओत बसून ‘किती भयाण जंगल आहे हे’ म्हणणारा नट मला एका वाक्यात कळतो. त्याच्या आवाजामागे चार भिंती असतात, आणि जंगलाला भिंती नसतात. असं झालं की माझी गोष्ट तिथेच संपते, मग लेखन कितीही चांगलं असो.

पण ज्यांना हे जमतं, त्यांच्यापुढे मी हात जोडतो. एका श्रुतिकेत दोघी बहिणी बंद खोलीत बोलत होत्या. बोलता बोलता धाकटीच्या आवाजामागची खोली मोठी होत गेली. थोरलीची होती तेवढीच राहिली. धाकटी आता त्या खोलीत नाही, हे मला थोरलीच्या आधी कळलं. मी तिला मोठ्याने हाक मारली, आई आतून धावत आली.

पुतळ्याच्या डोक्यात कानांच्या जागी दोन माइक बसवून केलेलं ध्वनिमुद्रणही ऐकून बघा, मात्र हेडफोन लावूनच. पाठीमागून कुणी चालत गेलं तर मान आपोआप वळते. दादरच्या पुलावर मी ते कधीच लावत नाही, रस्त्यात मला दोन्ही कान मोकळे लागतात.

भांडुपहून

इंग्रजी ऐकणाऱ्यांनी ‘द मॅग्नस आर्काइव्ह्ज’ हे भयकथांचं पॉडकास्ट ऐकलंच पाहिजे. २०१६ ते २०२१ या काळात २०० भाग. लंडनमधल्या एका संस्थेत अलौकिक अनुभव आलेल्या लोकांच्या जबान्या साठवलेल्या आहेत आणि तिथला नवा अभिलेखपाल त्या टेपरेकॉर्डरवर वाचून ठेवतो. लेखक जॉनथन सिम्स, तो आवाजही त्याचाच. सुरुवातीला वाटतं, सुट्या सुट्या गोष्टी आहेत. मग तिसऱ्या जबानीतलं एखादं नाव कितीतरी पुढे पुन्हा कानावर पडतं आणि पोटात गोळा येतो. २०२०च्या टाळेबंदीत मी वही घेऊन बसायचो, नावं लिहायचो, बाण काढायचो. मला सगळ्यात आवडतो तो रेकॉर्डर. हे आपल्याला का ऐकू येतंय, याचं कारणच त्यांनी गोष्टीत ठेवलंय. अमेरिकन नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने ३० ऑक्टोबर १९३८ला मंगळावरच्या स्वारीचं नाटक केलं तेही रेडिओवरच्या बातम्यांच्या रूपात. चालू कार्यक्रम तोडून बातमी आली तर माणूस कान देणारच.

गिरगावहून

तुम्ही सगळे एकेकटे ऐकता, मला ते जमत नाही. आमच्या चाळीत आकाशवाणीवर श्रुतिका लागली की तीन बिऱ्हाडं एका रेडिओपुढे. गोष्ट भुताची असली की आत्या माझा हात घट्ट धरून बसायची, आणि तिचीच बोटं गार पडलेली असायची. आता नातवाने फोनवर गूढकथा लावून दिल्या आहेत. फोन मी स्टीलच्या पातेल्यात उभा ठेवते, आवाज मोठा होतो, आणि शेजारच्या वहिनींना हाक मारते.

परळहून

आम्ही चौघं मिळून मराठी श्रुतिका करतो. दादरच्या दादांचा घुमाऱ्याचा मुद्दा वाचून आज आमची दोन तास चर्चा झाली. खोलीचा आवाज मारायचा तर आम्ही कपाट उघडतो आणि आईच्या साड्यांमध्ये तोंड घालून बोलतो. मुद्रणाची वेळ शेवटची लोकल गेल्यानंतर आणि पहिली सुटायच्या आधी. त्यातही खिडकीत कबुतर घुमलं की संवाद पुन्हा.

हाड मोडायचं असेल तर शेवग्याची शेंग ओल्या फडक्यात गुंडाळून पिरगाळायची, तीही माइकच्या अगदी जवळ. वटवाघळासाठी छत्री झपझप उघडायची, मिटायची. वाळक्या गवतातून कुणी चालत असेल तर जुन्या कॅसेटमधली फीत उपसून तिचा ढीग करायचा आणि त्यावर पंजे दाबत जायचं. हे करताना स्वतःला भीती वाटत नाही. पण मागच्या पावसाळ्यात सगळे तुकडे जोडून पहिल्यांदा सलग ऐकलं, तेव्हा ती पावलं कुणाची हे ठाऊक असूनही आम्ही चौघांनी एकदम दाराकडे बघितलं.

लालबागहून

थोडक्यात लिहितो. शहरी बंगला, पियानो, थडगी, हे ऐकून मला काही होत नाही. गाव मालवणकडे. चकवा लागलेला माणूस रात्रभर एकाच बांधाभोवती फिरतो, हे आजोबांकडून ऐकत मोठा झालो. मागच्या महिन्यात एका गोष्टीत म्हातारी अस्सल मालवणीत विचारते, ‘खंय चललंस रे?’ बस्स. कारखान्याच्या रात्रपाळीत होतो, चारी बाजूंना ट्यूबलाइट. उत्तर द्यायचं नाही, असं आजोबा सांगायचे. मी ओठ मिटून घेतले.

पुन्हा माहीमहून

परळच्या मंडळींना एक विचारायचंय. तो झोपाळा जड कसा केला असेल?

परळहून

ती नाटिका आमची नाही, पण मी असं केलं असतं : आधी रिकामा झोपाळा वाजवून घ्यायचा, मग त्यावर तांदळाची गोण ठेवून तोच हेलकावा पुन्हा घ्यायचा. कड्यांचा आवाज खाली उतरतो. जोड मात्र हेलकावा मागे जाताना द्यायचा, पुढे येताना दिला तर कानाला कळतो. हेडफोन लावून ऐका, कदाचित बसणाऱ्याच्या कापडाची सळसळही ठेवली असेल.

माहीमहून

आहे. आत्ता पुन्हा लावून ऐकलं. नऊवारीची आहे.