‘मुभा’ आणि ‘मोकळीक’ : देणारा कोण?

गेल्या महिन्यात चुलतबहिणीच्या बघण्याच्या कार्यक्रमाला मी होते. मुलाच्या आई कौतुकाने सांगत होत्या, "आमच्याकडे सुनांना सगळी मोकळीक आहे हो. मोठीला ड्रेस घालायला मीच सांगितलं. नोकरीला कुणाची हरकत नाही. सणावाराला तेवढी साडी नेसली की झालं." बाई मनाने चांगल्या होत्या, वरवरचं बोलत नव्हत्या. पोह्यांच्या बश्या आत नेताना बहीण हळूच म्हणाली, "मी तर काही मागितलंच नव्हतं." ती नऊ वर्षं पुण्यात स्वतःच्या पगारावर राहते आहे.

तेव्हापासून मोकळीक, मुभा, सूट, सवलत हे शब्द डोक्यात घोळतायत. बोलताना आपण ते सर्रास स्वातंत्र्याच्या जागी वापरतो. पण त्यांना क्रियापदं लावून पाहा. हक्क सांगता येतो, बजावता येतो, कोर्टात भांडून मिळवता येतो. मुभा दिली जाते, नाहीतर काढून घेतली जाते. ‘मी माझी मुभा बजावली’ असं कुणी म्हणत नाही. नाव घेतलं नसलं तरी मुभेच्या वाक्यात देणारा असतोच. ‘तिला शिकू दिलं’, ‘सुनेला नोकरी करू देतात’ यातलं ‘देणं’ तर कानाला इतकं सरावलंय की ते ऐकूच येत नाही.

मुभा हा शब्द अरबी ‘मुबाह’वरून आला. इस्लामी धर्मशास्त्रात मुबाह म्हणजे जी केल्याने पुण्य नाही आणि न केल्याने पाप नाही अशी गोष्ट. मला हा मूळ अर्थ फार मोलाचा वाटतो. जिच्यामुळे मांडणीत काहीच हलत नाही, तिचीच मुभा मिळते. ड्रेस चालतो. पगार कुणाच्या खात्यात जाणार, हा विषय त्या दिवशी निघाला नाही.

‘रजा’ही याच घरातली. मुळात अर्थ संमती, मर्जी. राजीनाम्यातला ‘राजी’ तिचाच सख्खा.

अशा गोतावळ्यातले आणखी शब्द सुचतात का?

प्रतिसाद :
‘शिमगा’ घ्याच. आता ‘एखाद्याच्या नावाने शिमगा करणं’ एवढाच अर्थ उरलाय. आम्ही कोकणातले, पणजोबा खोताचं कूळ, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताची जमीन कसणारे. आजी सांगायची, ज्या खोतासमोर वर्षभर मान वर करायची नाही, वेठीला बोलावलं की हातातलं टाकून धावायचं, त्याच्याच नावाने होळीला फाका घालायच्या. तोंडाला येईल ते बोलायचं. खोत रागवायचा नाही, उलट पोस्त द्यायचा. पोस्त म्हणजे शिमग्याची बक्षिसी, आता हा शब्दही फारसा कानावर येत नाही. पालखीचा पहिला मान मात्र त्याचाच. आजीचे शब्द : "शिव्या घालून मन हलकं व्हायचं, नि सकाळी परत मोळी डोक्यावर."

खोतांना खरोखर काय चालत नव्हतं ते १९३३ साली दिसलं. अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने शेतं कसायचीच नाहीत असं ठरवलं. बोंब मारायची मुभा होती, नांगर खाली ठेवायची नव्हती. संप १९३९ पर्यंत चालला, माणसांनी अतोनात हाल काढले. मधल्या काळात, १९३७ मध्ये, बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. खोती गेली ती मात्र १९४९ च्या कायद्याने.

यात ‘कूळ’ या शब्दाचा प्रवास बघण्यासारखा आहे. पणजोबांच्या वेळी कूळ असणं म्हणजे दबून असणं. कसणाऱ्याला जमिनीवर हक्क देणारा कूळकायदा आल्यावर ‘जमिनीला कूळ लागलंय’ म्हटलं की घाम मालकाला फुटू लागला. शब्द तोच, बाजू बदलली.

प्रतिसाद :
माझ्याकडून ‘गृहमंत्री’. "गृहमंत्र्यांना विचारून सांगतो" हे पुरुषांच्या तोंडचं रोजचं वाक्य. २००४ पासून ‘होम मिनिस्टर’ लागायचं तेव्हा आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बायका काम बाजूला ठेवून टीव्हीसमोर बसत. त्याला मी नावं ठेवणार नाही. जिला दिवसभर कुणी नावाने हाक मारत नाही ती सगळ्यांसमोर आपलं नाव सांगते, खेळते, जिंकली तर पैठणी नेसते, हा आनंद खरा होता. पण घरचा कारभार बाईच्याच हाती असतो हे चित्र आम्हाला इतकं गोड लागलं की कागदावर नाव कुणाचं आहे हे बघायचं राहून गेलं. आमच्या शेजारच्या काकूंना घराचा सौदा झाल्याचं कळलं ते टोकन दिल्यावर.

‘घरची लक्ष्मी’ या शब्दाला जमिनीपर्यंत नेलं ते शेतकरी संघटनेने. १९९० च्या सुमारास त्यांची ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम होती, नवऱ्याने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. फार मोठी गोष्ट होती ती. पण तुमच्या क्रियापदाच्या कसोटीवर तिथेही देणारा नवराच.

मूळ लेखिकेचा प्रतिसाद :
‘कूळ’ मला कधीच सुचला नसता. आणि कागदावरून आईची गोष्ट आठवली. आईच्या नावाशेजारी ‘हक्क’ हा शब्द लिहिलेला मी एकाच कागदावर पाहिला आहे : हक्कसोडपत्र. मुलींना वाटा मिळू लागल्यानंतरची गोष्ट. मामा साडी घेऊन आला होता, मोरपंखी, आईचा आवडता रंग. तालुक्याच्या ऑफिसात तिने तिच्या वळणदार अक्षरात सही केली, अंगठ्याला शाई लावून घेतली आणि ती शाई पुसायला मामाने आपला रुमाल पुढे केला. बाहेर आल्यावर मामाचे डोळे भरून आले होते. म्हणाला, "ताई, माहेरी हक्काने येत जा."