नागाशिनो, १५७५: कात्सुयोरीने हल्ला का केला?

सह्यवाट
जपानमधल्या नागाशिनोच्या लढाईविषयी सगळीकडे एकच हकीकत वाचायला मिळते. बलाढ्य सरदार ओदा नोबुनागाने तीन हजार बंदूकधाऱ्यांच्या तीन रांगा केल्या, एक रांग बार काढत असताना मागच्या दोन बंदुका ठासत राहिल्या, आणि त्याच्या शत्रूचे, ताकेदा घराण्याचे, नावाजलेले घोडदळ लाकडी कुंपणापुढे गारद झाले. या घराण्याचा प्रमुख ताकेदा कात्सुयोरी याच्याजवळ वडील शिंगेन यांच्या हाताखाली मुरलेले यामागाता मासाकागे आणि बाबा नोबुहारू यांच्यासारखे सरदार होते. असे असताना पंधरा हजारांच्या फौजेनिशी त्याने दुपटीहून मोठ्या शत्रूवर समोरून चाल का केली? तो उतावळा होता, एवढ्या उत्तराने माझे समाधान होत नाही.

जुनी बखर
तीन रांगांची गोष्ट प्रथम बाजूला ठेवावी. नोबुनागाच्याच चाकरीत असलेल्या ओता ग्यूइचीच्या वृत्तांतात आळीपाळीने बार काढणाऱ्या रांगा नाहीत. त्या सतराव्या शतकाच्या आरंभी ओझे होआनने लिहिलेल्या रंजक चरित्रातून पुढे आल्या. ओताच्या एका हस्तलिखितात तर बंदुकांचा आकडा एक हजार असून ‘तीन’ हे अक्षर बाजूला घातलेले आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे लढाई सूर्योदयापासून दुपारपर्यंत चालली आणि ताकेदांच्या तुकड्या एकामागून एक पुढे येत राहिल्या. घोडदळाची एकच लाट काही क्षणांत कोसळली, हे चित्र या वर्णनाशी जुळत नाही.

डोंगरधार
आपल्या प्रश्नाचे उत्तर मला आदल्या दिवशीच्या घटनांत दिसते. ओकुदाइरा सादामासाच्या ताब्यातील नागाशिनोच्या किल्ल्याला कात्सुयोरीचा वेढा होता आणि नोबुनागा व त्याचा मित्र तोकुगावा इएयासू यांची कुमक जवळच्या शितारागाहारा मैदानात येऊन थांबली होती. ओता स्पष्ट लिहितो की नोबुनागाने सुमारे तीस हजार माणसे सखल जागी, शत्रूच्या नजरेस पडणार नाहीत अशी उभी केली. कात्सुयोरीला समोर दिसत होती ती पुढे न सरकणारी, कुंपण घालून बसलेली एक फौज. त्याच दिवशी लिहिलेले त्याचे पत्र उपलब्ध आहे. शत्रूला काही उपाय सुचत नसून तो अडचणीत सापडला आहे, असे त्यात तो कळवतो. शत्रू कचरला आहे या समजुतीने त्याने वेढ्यावर थोडी माणसे ठेवली आणि मुख्य फौज नदीपलीकडे नेली. नोबुनागाला हेच हवे होते.

त्या रात्री इएयासूचा सरदार साकाई तादात्सुगू सुमारे चार हजार माणसे आणि पाचशे बंदुका घेऊन दक्षिणेकडील डोंगरांतून वळसा घालून निघाला व सकाळी त्याने तोबीगासुयामा येथील ताकेदांच्या मोर्चावर छापा घातला. तेथे कात्सुयोरीचा चुलता नोबुझाने मारला गेला, किल्ल्याचा वेढा उठला आणि ताकेदांच्या पिछाडीला शत्रू आला. आता पुढे कुंपण आणि मागे साकाई अशी स्थिती झाली. माझ्या मते लढाईचा निकाल या छाप्याने लावला. बंदुकांनी त्या निकालाची किंमत भयंकर वाढवली.

सह्यवाट
त्या पत्राविषयी मला मुळीच माहिती नव्हती. आपले मनापासून आभार. मग बंदुकांचे महत्त्व आपण दुय्यम मानता का?

जुनी बखर
दुय्यम म्हणता येणार नाही. बंदुका ताकेदांकडेही होत्या, परंतु तासन्‌तास मारा चालू ठेवायचा तर शिसे आणि बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा मुबलक हवा, आणि सोरा मुख्यतः समुद्रमार्गे येत असे. साकाई नावाचे व्यापारी बंदर (त्या सरदाराशी संबंध नाही) नोबुनागाच्या वर्चस्वाखाली होते, तर ताकेदांचे मूळ प्रांत काई आणि शिनानो हे डोंगरांनी वेढलेले. हा फरक रांगांच्या कथेपेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. ताकेदांचे राज्य त्या दिवशी बुडाले नाही; ते १५८२ पर्यंत टिकले. परंतु यामागाता, नाइतो मासातोयो आणि सानादा बंधू त्याच मैदानात पडले, तर बाबा नोबुहारू कात्सुयोरीची माघार सुरक्षित व्हावी म्हणून पिछाडी सांभाळताना मारला गेला. शिंगेनने घडवलेली सरदारांची ही पिढी कात्सुयोरीला पुन्हा उभी करता आली नाही.