पतसंस्थेनं सेटलमेंट केली, आता माफ झालेल्या कर्जावर इन्कम टॅक्सची नोटीस. ८४ हजार कुठून आणू?

गिरणीवाला_उदगीर

नमस्कार मंडळी, लै टेन्शनमध्ये लिहायलोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

उदगीरजवळ आमची छोटी दाल मिल होती. २०१८ ला एका पतसंस्थेकडून कर्ज काढून टाकली, मशीनसाठी मुदतीचं कर्ज आणि तूर-हरभरा घ्यायला कॅश क्रेडिट. पहिले दोन हंगाम बरे गेले. मग लॉकडाऊन लागलं, मोंढा बंद, बाहेरच्या व्यापाऱ्यांकडं जे पैसे अडकले ते अडकलेच, आणि त्या दिवाळीनंतर मिलला कुलूप लावलं ते आजवर उघडलं नाही. चाळणीवर तवाची चुनी अजून वाळून चिकटलेली आहे, बघू वाटत नाही.

मधी अडीच वर्षं वसुलीवाले घरी यायचे, वडील ओसरीवर बसलेले असायचे, त्यांच्यासमोर नको नको ते बोलायचे. शेवटी मार्च २०२३ मध्ये ओटीएस, म्हंजे कमी रकमेत कर्ज मिटवायची तडजोड, झाली. बाकी काढली होती १७,४०,००० आणि मिटलं ९ लाखांत, तेही मेव्हण्याकडून उसने घेऊन आणि बायकोचं गंठण मोडून. शेवटचा हप्ता १२ जून २०२३ ला भरला, आठ दिवसांनी नो ड्यूजचा कागद मिळाला, म्हणलं सुटलो एकदाचं.

आता परवा मेल आलाय, १४८ए ची नोटीस, असेसमेंट इयर २०२४-२५, म्हंजे आर्थिक वर्ष २३-२४ च्या उत्पन्नाची. तुमचं ८,४०,००० उत्पन्न रिटर्नमध्ये दिसत नाही, खुलासा द्या म्हणतेत. एआयएस (खात्याच्या साइटवरचा आपल्या व्यवहारांचा उतारा) उघडून बघितलं तर पतसंस्थेच्या नावापुढं १९४आर, ८,४०,००० आणि शेजारी ८४,०००. माझं त्या वर्षीचं रिटर्न २,१०,००० चं आहे, आडतीवर मुनीमकी करतो मी आता. वरून पतसंस्थेचा माणूस फोन करून म्हणतो ८४ हजार आम्हाला आणून द्या. म्हंजे एकच रक्कम दोघं मागायलेत का? आणि ज्या पैशाचं मी तोंडसुद्धा पाहिलं नाही ते माझं उत्पन्न कसं काय झालं, हेच कळंना.

सोयाबीन_भाव_सांगा

दादा काही भरू नका. असले मेसेज फेक असतेत, लिंक दाबली की खातं साफ. आणि मिलच बंद आहे तर कसला धंदा अन् कसला टॅक्स, सोडून द्या.

टॅक्सवाला_जालना_रोड

वरच्या भाऊंचं अर्धं बरोबर आहे, अर्धं लै महागात पडेल.

फेक असू शकते हे खरं. म्हणून लिंक न दाबता स्वतः इन्कम टॅक्सच्या साइटवर जायचं, तिथं लॉगिन न करताच नोटीस खरी का खोटी तपासायची सोय आहे, डीआयएन नंबर टाकायचा. ऑक्टोबर २०१९ पासून प्रत्येक नोटिशीवर तो नंबर लागतो. लॉगिन करून पेंडिंग अॅक्शनमध्ये ई-प्रोसिडिंग बघा, तिथं दिसली तर खरी. आणि खरी असून उत्तर दिलं नाही तर अधिकारी त्याच्याकडच्या कागदावरून केस उघडायची ऑर्डर काढून मोकळा होतो, मग तुम्ही रडा.

मिल बंद म्हणून टॅक्स नाही हे पण चूक. कलम ४१(१) मध्ये स्पष्ट लिहिलंय, पूर्वी खर्च म्हणून वजावट घेतलेली देणी नंतर माफ झाली तर ते उत्पन्न, मग तो धंदा आज चालू असो नसो.

पण पूर्वी वजावट घेतलेली, हे शब्द धरून ठेवा, तुमची अर्धी लढाई तिथंच आहे. मशीन घ्यायला काढलेलं मुद्दल तुम्ही कधी खर्चात टाकलं का? नाही. व्याज टाकलं असेल. यावर सुप्रीम कोर्टाचा २४ एप्रिल २०१८ चा महिंद्रा अँड महिंद्राचा निकाल आहे. त्यांनी अमेरिकेतल्या कैसर जीप कंपनीकडून जीपचे डाय आणि टूलिंग उधारीवर घेतले होते, पुढं ती बाकी माफ झाली, ५७ लाखांच्या वर, आणि खात्यानं ते उत्पन्न धरलं. कोर्ट म्हणालं, भांडवली वस्तूसाठीच्या कर्जाची माफी ४१(१) मध्ये बसत नाही आणि रोखीची माफी कलम २८ च्या चौथ्या उपकलमात (धंद्यातून मिळालेला फायदा म्हणजे उत्पन्न) पण बसत नाही.

तर आधी पतसंस्थेकडून लेखी फोड मागा. ८,४०,००० मध्ये मशीनचं मुद्दल किती, सीसीचं (कॅश क्रेडिटचं) किती, व्याज किती, दंडव्याज किती. नुसत्या एका आकड्यावर कुणी काही सांगू शकत नाही.

मीरा_परभणी

दादा घाबरू नका, आमच्याकडं असंच झालं होतं, मिस्टरांचं कापडाचं दुकान होतं. फोड मागायला गेले तर काउंटरवरचा म्हणाला सिस्टीममध्ये एकच आकडा दिसतो. मी म्हणलं मग खातेउतारा काढा, त्यात मुद्दल अन् व्याज वेगळं असतंय की. तीन चकरा झाल्या, चौथ्यांदा अर्जाची पोच मागितली, पोचेवर शिक्का मारायची वेळ आली की बरोबर कागद निघाला. तुम्ही पहिल्याच दिवशी दोन प्रतीत अर्ज न्या.

आणि एआयएसमध्ये त्या एंट्रीवर फीडबॅक देता येतो, 'उत्पन्न करपात्र नाही' किंवा 'माहिती पूर्ण बरोबर नाही' असे पर्याय येतात. पण तो फीडबॅक म्हणजे नोटिशीचं उत्तर नव्हे हं, आमच्या अकौंटंटनं तिथंच घोळ घातला होता. दोन्ही वेगवेगळं करायचं.

खोडरबर

जालना रोडवाले साहेब, महिंद्राचा निकाल छातीठोक सांगितलात पण वर्ष बघितलं का? फायनान्स अॅक्ट २०२३ नं २८ चं ते चौथं उपकलम बदललंय, असेसमेंट इयर २०२४-२५ पासून रोखीतला फायदा पण त्यात घेतलाय. यांची नोटीस बरोबर त्याच वर्षाची आहे.

टॅक्सवाला_जालना_रोड

खोडरबर, पकडलंत. मी मार्च २०२३ वाचून आर्थिक वर्ष २२-२३ धरून चाललो होतो. उदगीरकर, तुमच्या ओटीएस पत्रात काय लिहिलंय, पत्राच्या तारखेला माफी, का शेवटचा हप्ता भरल्यावर?

गिरणीवाला_उदगीर

साहेब पत्र १८ मार्च २०२३ चं आहे. त्यात असं लिहिलंय की ठरलेली पूर्ण रक्कम मुदतीत भरल्यासच सवलत लागू, नाहीतर मूळ येणे बाकी कायम.

टॅक्सवाला_जालना_रोड

मग माफी जून २०२३ ची धरली जाणार, म्हणजे आर्थिक वर्ष २३-२४. तारीख तुमच्या बाजूनं नाही, खोटी आशा दाखवत नाही. तरी मशीनच्या मुद्दलावर भांडायला जागा आहे. महिंद्राच्या निकालातला रोखीचा मुद्दा कायदा बदलून गेला, पण ४१(१) चा मुद्दा तसाच उभा आहे. शिवाय मशीनसाठी काढलेलं कर्ज माफ होणं हा 'धंद्यातून आलेला फायदा' आहे की भांडवली बाब, हा वाद नव्या शब्दांनंतर पण घालता येतो. खातं मान्य करेलच असं नाही.

सीसीचं मात्र माल घ्यायला वापरलेलं कर्ज, त्यावर आपल्याच मुंबई हायकोर्टाचा २००९ चा सॉलिड कंटेनर्सचा निकाल खात्याच्या बाजूचा आहे. ते सोडून द्या असं माझं मत.

एनआरआय_चा_काका

आमचा पुतण्या डॅलसला असतो, तो म्हणतो तिकडं ६०० डॉलर किंवा जास्त कर्ज माफ झालं की देणारा १०९९-सी नावाचा फॉर्म सरकारला पाठवतो आणि ते सरळ उत्पन्न धरतेत. आता इकडं पण तेच आलंय वाटतं.

खोडरबर

काका तिकडचं तिकडं राहू द्या, लोक यूट्यूबवर ते बघूनच घाबरतात. तिकडं दिवाळखोर माणसाला त्यातून सूट पण आहे.

इकडं ही एंट्री का आली ते सांगतो. १९४आर जुलै २०२२ पासून आलं, धंद्यात कुणाला वर्षात २० हजाराच्या वर फायदा दिला तर देणाऱ्यानं १० टक्के टीडीएस कापायचा. बँका ओरडल्या की आधीच कर्ज बुडालं, वरून टीडीएस आम्हीच भरायचा का. मग सप्टेंबर २०२२ च्या १८ नंबरच्या सर्क्युलरनं शेड्युल्ड बँका, सहकारी बँका, एआरसी (बुडीत कर्ज विकत घेणाऱ्या कंपन्या), मोठ्या फायनान्स कंपन्या यांना सेटलमेंटपुरती सूट दिली. त्या यादीत पतसंस्था नाही. म्हणून शेजारच्यानं बँकेत ओटीएस केली तर त्याच्या एआयएसमध्ये काही नाही आणि तुमच्यात आलं. अर्थात सूट फक्त टीडीएसला, कर लागतो का नाही हा प्रश्न बँकवाल्यालाही तसाच आहे.

आणि आता मेन गोष्ट, जी वर कुणी बोललंच नाही. तो ८४,००० तुमच्याकडून मागितलेला कर नाहीच! तो पतसंस्थेनं तुमच्या पॅनवर भरलेला टीडीएस आहे. २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) उघडा, तिथं जमा दिसतो का बघा.

गिरणीवाला_उदगीर

बघितलं. ८४,००० जमा दिसतेत. म्हंजे मी चार दिवस झोपलो नाही ते जमा रकमेला बघून?? बायको हसायली.

फोड पण मिळाली, मीराताई तुमची पोचेची आयडिया चालली, दुसऱ्याच चकरेत. मशीनचं मुद्दल ३,५०,०००, सीसी १,२०,०००, व्याज २,९०,०००, दंडव्याज ८०,०००. अकौंटंटनं जुने पुस्तकं काढले, त्यात फक्त १,३०,००० व्याज खर्चात टाकून भरायचं राहिलेलं आहे, बाकीचं व्याज मिल बंद पडल्यावर चढलेलं, ते आपल्या पुस्तकात कधी आलंच नाही.

टॅक्सवाला_जालना_रोड

आता हिशोब बघा. रिटर्न नवीन रिजीममध्ये आहे ना? त्या वर्षी तीच डिफॉल्ट होती. समजा खात्यानं सगळेच्या सगळे ८,४०,००० धरले तर उत्पन्न १०,५०,०००. ३ लाखापर्यंत शून्य, ६ पर्यंत ५ टक्के, ९ पर्यंत १०, पुढं १५, म्हणजे कर ६७,५०० आणि सेस धरून ७०,२००. तुमच्या पॅनवर जमा आहे ८४,०००. खिशातून काही जायचं कारण नाही.

आता मशीनचे ३,५०,००० बाजूला काढा. उरले ४,९०,०००, अधिक तुमचे २,१०,०००, बरोबर ७,००,०००. त्या वर्षी ७ लाखापर्यंत ८७ए ची सूट, कर शून्य! थोडे रुपये वर गेले असते तरी नवीन रिजीममध्ये कर फक्त त्या वरच्या रकमेइतकाच लागला असता.

मग भांडायचं कशासाठी? दंडासाठी. उत्पन्न कमी दाखवलं म्हणून २७०ए खाली कराच्या निम्मा दंड लागू शकतो, आणि मुद्दाम लपवलं असं ठरलं तर दुप्पट. प्रामाणिक खुलासा आणि सगळे कागद समोर ठेवले तर त्यातून सूट मागता येते. म्हणून उत्तरात रडगाणं लिहू नका, वडिलांना शिव्या दिल्या, गंठण मोडलं हे तिथं कामाचं नाही. १,३०,००० व्याज आणि सीसीचे १,२०,००० मान्य लिहा. पुस्तकात न आलेल्या व्याजाची वजावट घेतली नव्हती हे लिहा, तेवढ्या वर्षांचे नफा-तोटा पत्रक जोडा. मशीनच्या मुद्दलापुढं कर्जमंजुरी पत्र आणि मशीनचं बिल लावा, कर्ज त्याच कामाला लागलं हे दिसलं पाहिजे. हे सगळं मी नुसतं वाचून सांगतोय, अपलोड करायच्या आधी लातुरात कुण्या सीएला मूळ कागद दाखवा.

सोयाबीन_भाव_सांगा

आयटीआर-यू (मागाहून भरायचं अपडेटेड रिटर्न) भरून टाकला तर? आमच्या गावात एकानं भरला.

खोडरबर

ज्या आयटीआर-यू मुळं रिफंड निघतो तो भरताच येत नाही, आणि इथं टीडीएस कराच्या वर आहे. आता ई-प्रोसिडिंगमध्येच उत्तर.

आणि पतसंस्थेला फोनवर एक रुपया देऊ नका. नो ड्यूज दिल्यावर कुठल्या अटीखाली मागता ते लेखी मागा.

आई_शपथ_बीड

मधीच विचारतो, आमचं पीककर्ज २०१९ च्या महात्मा फुले योजनेत माफ झालं, २ लाखाच्या आतलं. त्याची पण नोटीस येईल का?

टॅक्सवाला_जालना_रोड

शेतीचं उत्पन्नच १०(१) खाली करमुक्त आहे, पीककर्जाची माफी धंद्याच्या कलमात येत नाही. निवांत राहा.

गिरणीवाला_उदगीर

मंडळी, अपडेट. सीएंनी तीन पानांचं उत्तर केलं, वरच्यासारखंच, फक्त भाषा साहेबी. मशीनचं बिल सापडंना, शेवटी मिलमध्येच इलेक्ट्रिक बोर्डाच्या मागं प्लास्टिकच्या पिशवीत निघालं, उंदरानं एक कोपरा खाल्लेला पण नंबर अन् रक्कम शाबूत. मुदतीच्या दोन दिवस आधी अपलोड केलं, पोच आली. ऑर्डर अजून नाही, आली की इथंच टाकतो.

पतसंस्थेच्या त्या माणसाचा परत फोन आला होता. म्हणलं मामा, काय ते लेटरहेडवर लिहून द्या, मी वकिलाला दाखवतो. तवापासून फोन नाही.