तळपायाचं बटण

बी ३०३ : सगळ्यांना नमस्कार. रात्री परत आवाज झाला त्याबद्दल सॉरी. बाळ चार महिन्यांचं झालंय, आधी सलग चार-पाच तास झोपायचं आणि आता दहा दिवस झाले दर दीड तासानं उठायलंय. नणंदबाईंनी व्हिडिओ पाठवलाय, त्यात तळपायाचे पॉइंट दाबले की दोन मिनिटांत बाळ झोपतंय असं दाखवलंय. अंगठा म्हणजे डोकं, मधला खळगा म्हणजे पोट, असं काहीतरी. कुणी करून बघितलंय का? सकाळी मालिशवाल्या मावशींना दाखवला तर त्यांनी अंगठ्यानं असं दाबलं की पोरगं श्वास कोंडून रडलं, मला तर घाम फुटला.

ए १०२ आज्जी : सॉरी कशाला गं. लेकराचा आवाज ऐकून बरं वाटतंय, नाहीतर इमारतीत नुसत्या गाड्यांचे रिव्हर्स हॉर्न. मी सांगतो ऐक, काशाची वाटी घे, तूप लाव आणि तळवे घास. काळं पडलं की समजायचं उष्णता निघाली.

सी ४०१ : आज्जी ते काळं वाटीच्या धातूचं असतंय ओ. मी गंमत म्हणून नुसत्या हाताच्या तळव्यावर घासून बघितलं तर तिथंपण काळंच. मग हातात पण उष्णता व्हय? 😄

सेक्रेटरी : टाकी धुवायची आहे, ११ ते २ पाणी बंद. बादल्या भरून ठेवा.

बी ३०३ : आता सांगतासा व्हय, बाळाची अंघोळ राहिलीय.

ए ३०४ : रिफ्लेक्सॉलॉजीला, म्हणजे ह्या तळपायाचे पॉइंट दाबायच्या उपचाराला, हसू नका. मी गुडघ्यासाठी सहा महिने केलंय, फरक पडलाय. आपल्या ऋषीमुनींची विद्या आहे ही, परदेशी लोकांनी उचलली.

बी १०१ सर : उलटं आहे साहेब. विल्यम फिट्झजेराल्ड नावाचे अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर, त्यांनी १९१७ च्या आसपास अंगाचे उभे दहा पट्टे केले, आणि १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम नावाच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी तळव्यावर सगळ्या शरीराचा नकाशा बसवला. आपलं ते पादाभ्यंग, म्हणजे पायाला तेल चोळणं. आयुर्वेदातले वाग्भट तेल लावायला डोकं, कान आणि पाय विशेष सांगतात, पण इथं किडनी तिथं लिव्हर असली बटणं त्यात नाहीत. तळवे चोळा, एवढंच.

ए ३०४ : मग गुडघा कसा बरा झाला?

बी १०१ सर : सहा महिने रोज अर्धा तास पाय वर करून बसला, रंकाळ्याच्या फेऱ्या बंद केल्या, म्हणून असंल की.

सी २०२ सिस्टर : मी आत्ता बघितलं, सकाळी देवळात गेलेलो. बी ३०३ बाळा, आधी मालिश थांबव नाहीतर मावशींना सांग की पायाला जोर लावायचा नाही. तान्ह्या बाळाच्या पायात पुरती हाडं नसतात, बरीचशी कूर्चा असते, म्हणजे मऊ, लवचिक हाडासारखं. प्रसूती वॉर्डात पंचवीस वर्षं काढलीत मी, ते व्हिडिओ बघून आलेल्या कितीतरी आया बघितल्यात. त्यात गंमत काय असते सांगतो. बाळाच्या बोटांखाली नुसता अंगठा टेकवला की बोटं मुडपतात, आणि टाचेपासून कडेनं बोट वर नेलं की अंगठा वर जातो आणि बाकीची बोटं पंख्यागत पसरतात. हे निरोगी तान्ह्या बाळात असतंयच, पुढं मोठं होताना हळूहळू जातंय. व्हिडिओवाला म्हणतो बघा पॉइंट लागला, आणि आई म्हणते खरंच लागला.

बी ३०३ : म्हणजे काहीच उपयोग नाही?

सी २०२ सिस्टर : असं नाही म्हणत मी. पॉइंटचा नाही, हाताचा उपयोग आहे. झोपायच्या आधी रोज एकाच वेळी दिवा बारीक करून तळव्यांवर उबदार हात ठेव, खोबरेल तेलाचे दोन थेंब घे, टाचेकडून बोटांकडं पाच मिनिटं हळू फिरव आणि कुरकुरलं तर सोड. मोहरीचं तेल नको, कातडी नाजूक असते. पायातले वाळे आधी काढायचे, हुपरीचे चांदीचे असले तरी टोचतातच. हाताचं तेल पुसून मगच उचल, निसटतंय बाळ. आणि चौथ्या महिन्यात झोप बदलते गं, पोरांचा झोपेचा फेरा साधारण पन्नास मिनिटांचा, फेरा संपला की जागं होतंय आणि तुला हाक मारतंय. चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून बारा ते सोळा तास झोप लागते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, दुपारची पकडून. तुझं मोजून बघ, बहुतेक बसंल.

ए १०२ आज्जी : आणि जायफळ उगाळून एक चाट द्यायची, आमची सगळी झोपायची त्यानं.

सी २०२ सिस्टर : आज्जी माफ करा पण नको. गुंगी येते ती झोप नव्हे. पूर्वी बाळागोळीत अफू असायची, पोरं गप्प बसायची म्हणून आया खूष असायच्या. सहा महिने आईचं दूध सोडून काही नाही, पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षभर नकोच.

ए १०२ आज्जी : बरं. मग मी काय द्यायचं, आशीर्वाद?

सी ४०१ : आज्जी तुम्ही संध्याकाळी तासभर बाळ घ्या की, तिला झोपू द्या. तोच मोठा उपाय आहे.

बी ३०३ : 🙏 येतासा का आज्जी? घरात सासूबाईंचं गुडघ्याचं आहे आणि ह्यांची नाईट.

सी २०२ सिस्टर : आणि एक लक्षात ठेव, पाठीवरच झोपवायचं, उशी, जाड गोधडी, खेळणी काही नको जवळ. ताप आला, दूध प्यायचं सोडलं, शू कमी झाली, रडणं एकदम वेगळं वाटलं, तर पाय चोळत बसायचं नाही, बालरोगतज्ज्ञाकडं जायचं.

बी ३०३ (चार दिवसांनी) : सिस्टर, वाळे काढले, मावशींना जोर लावू नका म्हटलं तर फुगल्या पण ऐकलं. काल नऊला झोपलं, साडेअकराला उठलं, मग दीडला, मग चारला. आधीपेक्षा एकदा कमी. तळवे चोळताना मात्र मीच डुलक्या घेतो बघा, बाळ माझ्याकडं टक लावून बघत असतंय.

ए १०२ आज्जी : आज पाचला येतो. चहा कर, साखर कमी.

सेक्रेटरी : बी विंगचा मोटारीचा फ्यूज गेलाय, कोणी गीझर लावून ठेवलाय का?