गळफासाच्या केसमध्ये शवविच्छेदन करताना मान शेवटी का उघडतात?

प्रश्न : फॉरेन्सिक एमडी, पहिलं वर्ष, मुंबई. काल सरांनी मान सोडून आधी डोकं आणि छाती उघडायला लावली. कारण विचारायचं राहिलं, बाहेर नातेवाईक ताटकळले होते.

उत्तर : मानेच्या शिरांतलं रक्त निथळावं म्हणून. नाहीतर कापताना पाझरलेलं रक्त गळा दाबल्याच्या खुणेसारखं दिसतं, आणि त्या रिपोर्टवर एखादा निर्दोष माणूस आत जाऊ शकतो. मी पहिल्या वर्षी घाई केली होती. स्नायूवरचा तो लालसर डाग अजून डोळ्यांपुढून हलत नाही. एकेक थर सोडवत जा, बाळा.

उत्तर : आणि व्हिसेरा, म्हणजे विषाच्या तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, कलिन्याच्या फॉरेन्सिक प्रयोगशाळेला पाठवताना टिकवायला मिठाचं संपृक्त द्रावण. सल्फ्युरिक आम्लाच्या विषबाधेची केस असेल तर मात्र रेक्टिफाइड स्पिरिट, म्हणजे तीव्र अल्कोहोल.

प्रश्नकर्ती : कळलं, सर. आज आधी बाहेर जाऊन नातेवाइकांना किती वेळ लागेल ते सांगितलं.